‘केपर’ : बोकडाची उडी, वेलीची कळी आणि तिजोरीवरचा डल्ला

नागपुरातील धरमपेठ किंवा सदर भागातल्या एखाद्या उपाहारगृहात पिझ्झाच्या यादीत ‘केपर्स’ हा शब्द आढळतो. त्याच दिवशीच्या इंग्रजी वृत्तपत्रात एखाद्या नव्या चित्रपटाचे वर्णन ‘केपर कॉमेडी’ असे केलेले असते. घरी इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणारी मुलगी शेक्सपिअरचे ‘ट्वेल्फ्थ नाइट’ वाचत असते आणि त्यातील एक पात्र नाचताना ‘केपर’ मारण्याची फुशारकी मिरवीत असते. शब्द एकच, पण जेवणाऱ्याला तो खारवलेल्या कळीसारखा लागतो, प्रेक्षकाला दरोड्यासारखा दिसतो आणि विद्यार्थिनीला उडीसारखा भासतो. शब्दकोश उघडावा, तर तेथेही एकाखाली एक असे तीन-चार अर्थ दिलेले असतात आणि कोणता अर्थ केव्हा घ्यावा, हे वाचकाच्या तारतम्यावर सोपविलेले असते.

परभाषेतील शब्दाबाबत इतका खल कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या शब्दाच्या एका अर्थात चूक झाली तर पोटात विष जाऊ शकते आणि दुसऱ्या अर्थात चूक झाली तर गुन्ह्याला गंमत म्हणण्याची सवय जडते. शिवाय या शब्दाच्या मुळाशी जाताना आपल्याच कुंपणावरच्या एका विस्मृत वेलीची ओळख नव्याने होते. त्यामुळे ‘केपर’ची ही भटकंती मराठी वाचकालाही परकी वाटू नये.

बोकडाची उडी

‘केपर’चा पहिला अर्थ आहे उडी. मौजेने, आनंदाच्या भरात मारलेली, कसलेही प्रयोजन नसलेली उडी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत हा शब्द या अर्थाने आढळतो. ‘काप्रिओला’ या इटालियन शब्दावरून आलेल्या ‘कॅप्रिओल’चे ते संक्षिप्त रूप असावे, असे व्युत्पत्तिकार मानतात. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील बोकडवाचक शब्द आहे. बोकडाला लॅटिनमध्ये ‘कापेर’ आणि शेळीला ‘काप्रा’ म्हणतात. शेळीचे करडू चार पायांवर एकाएकी उसळते, हवेत अंग वळविते आणि पुन्हा जागच्या जागी उभे राहते. ज्याने हे दृश्य पाहिले असेल, त्याला या शब्दाचा जन्म वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घोडेस्वारीच्या शास्त्रातही हा शब्द रुळला. घोडा जमिनीवरून पूर्ण उसळतो आणि हवेत असतानाच मागचे पाय झाडतो, त्या अवघड कसरतीला ‘काप्रिओल’ म्हणतात. व्हिएन्ना येथील प्रसिद्ध अश्वशाळेत ही कसरत आजही शिकविली जाते. बॅले नृत्यात हवेत एका पायावर दुसरा पाय आपटण्याच्या उडीला ‘काब्रिओल’ हे नाव मिळाले. म्हणजे करडाची उडी प्रथम माणसाच्या नाचात शिरली आणि नंतर रंगमंचावर प्रतिष्ठित झाली.

कॅब आणि मकर

हा बोकड नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातही लपलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रेल्वे स्थानकावरून घरी जाण्यासाठी आपण ‘कॅब’ बोलावतो. हा शब्द ‘काब्रिओले’ या फ्रेंच शब्दाचे तुकडा पाडलेले रूप आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एका घोड्याची, दोन चाकांची हलकी गाडी निघाली. रस्त्यावरून जाताना ती करडासारखी उसळत असे, म्हणून तिला हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अशा भाड्याच्या गाड्या आल्या आणि लोकांनी लांबलचक नाव कापून ‘कॅब’ केले. घोडा गेला, इंजिन आले, पुढे गाडी मोबाइलवरून बोलावली जाऊ लागली, पण नावातली शेळी कायम राहिली. पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाताना हे नाव किती सार्थ आहे, याचा प्रत्यय प्रवाशांना येतोच.

वृत्तपत्रातील राशिभविष्य वाचणाऱ्यांनाही हा प्राणी भेटतो. आपण ज्या राशीला मकर म्हणतो, तिचे युरोपीय नाव ‘कॅप्रिकॉर्न’. त्याचा शब्दशः अर्थ बोकडाचे शिंग असलेला. प्राचीन बाबिलोनमध्ये या नक्षत्रसमूहात पुढचा भाग बोकडाचा आणि मागचा माशाचा, असा एक प्राणी कल्पिला गेला होता. भारतात त्याच जागी मकर हा जलचर आला. तेव्हा जानेवारीत तिळगूळ वाटताना आपण ज्या राशीचे नाव घेतो, तिचे युरोपातील भावंड अजूनही शिंगे मिरवीत आहे.

मराठीत या अर्थासाठी शब्दांची वाण मुळीच नाही. करडू बागडते, पोरे हुंदडतात, वासरू उधळते, चिडलेला माणूस थयथयाट करतो आणि कसरतपटू कोलांटी मारतो. या प्रत्येक शब्दात उडी आहे, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. इंग्रजीतील ‘केपर’ला सर्वांत जवळचे क्रियापद बागडणे हेच होय. त्यात हेतू नाही, स्पर्धा नाही आणि कोणाला इजाही नाही. ‘केपर’ला जोडून इंग्रजीत कापणे या अर्थाचे क्रियापद येते. त्याचे शब्दशः भाषांतर करून ‘त्याने केपर कापला’ असे लिहिले तर अर्थाचाच बळी जातो. तेथे ‘त्याने टुणकन उडी मारली’ किंवा प्रसंगानुसार ‘तो बागडू लागला’ एवढेच म्हणावे.

नाव एक, कुळे दोन

दुसरा अर्थ वनस्पतीचा. येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. स्वयंपाकातील केपरचा बोकडाशी काडीचाही संबंध नाही. हा शब्द ग्रीक ‘कापारिस’वरून लॅटिनमध्ये आला, तेथून फ्रेंचमध्ये गेला आणि मग इंग्रजीत उतरला. जुन्या इंग्रजीत त्याच्या शेवटी मुळातलाच ‘स’ होता. पुढे तो ‘स’ अनेकवचनाचा आहे असा लोकांचा समज झाला आणि त्यांनी तो खुडून एकवचन तयार केले. इंग्रजीत वाटाणा आणि चेरी या फळाच्या नावांच्या बाबतीतही हेच घडले आहे. अशा रीतीने ‘स’ गळाला आणि दोन भिन्न कुळांतले शब्द उच्चाराने व लेखनाने एकसारखे झाले. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असावीत आणि टपालवाल्याने दोघांची पत्रे एकाच दारात टाकावीत, तसा हा घोळ आहे.

शेक्सपिअरला हा घोळ आवडला असावा. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील सर अँड्र्यू आपण केपर मारू शकतो असे सांगतो, तेव्हा सर टोबी त्याला लगेच मटणाचा संदर्भ देऊन उत्तर देतो. उकडलेले मटण केपरच्या रश्शाबरोबर वाढण्याची इंग्रजी पद्धत ठाऊक नसेल, तर या कोटीतले मर्म कळत नाही. सावजी मटणावर वाढलेल्या नागपूरकराला उकडलेल्या मटणाची कल्पना फारशी रुचणार नाही, परंतु विनोद समजण्यापुरती ती माहीत असावी.

कळीचे पीक

केपरची वनस्पती म्हणजे ‘कॅपॅरिस स्पायनोसा’. भूमध्य समुद्राच्या काठी, खडकांच्या फटींत आणि जुन्या भिंतींत हे काटेरी झुडूप वाढते. जेरुसलेमच्या पश्चिमी भिंतीच्या दगडांमधूनही त्याची झुडपे बाहेर आलेली दिसतात. त्याचे फूल पांढरे असते आणि त्यातून जांभळट पुंकेसरांचा झुबका बाहेर पडतो. फूल सायंकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. बाजारातील केपर म्हणजे या फुलाची न उमललेली कळी. ती हाताने खुडावी लागते आणि पुन्हा पुन्हा झाडाजवळ जाऊन खुडावी लागते, कारण आज राहिलेली कळी उद्या फूल होऊन वाया जाते. या कष्टांमुळेच छोट्याशा बाटलीची किंमत जास्त असते.

कळी जितकी लहान, तितका भाव अधिक. सात मिलिमीटरपर्यंतच्या कळ्या सर्वोत्तम मानल्या जातात. त्याहून मोठ्या कळ्यांच्या क्रमाक्रमाने उतरत्या प्रती लागतात. ताजी कळी कडू लागते, म्हणून ती मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवितात. मुरल्यावर तिला मोहरीसारखा झणका येतो. हा झणका योगायोगाचा नव्हे. केपरचे कुळ आणि मोहरी, मुळा, कोबी यांचे कुळ वनस्पतिशास्त्रात एकमेकांच्या शेजारी बसते. मोहरी फेसली असता ज्या प्रकारच्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे नाकात झिणझिण्या येतात, त्याच प्रकारची द्रव्ये केपरमध्येही असतात. फूल उमलून पुढे फळ धरले, तर तेही मुरवून खातात. ते लांबट, देठासह बाटलीत भरलेले असते आणि त्यात बिया असतात. यादीत ‘केपरबेरी’ असे लिहिलेले असेल तर हे फळ समजावे. रसभरीला इंग्रजीत ‘केप गूसबेरी’ म्हणतात, तिचा आणि केपरचा मात्र संबंध नाही.

ही वनस्पती भारतात नाही असेही नाही. लडाख आणि स्पीतीच्या कोरड्या थंड प्रदेशात ती उगवते आणि लडाखमध्ये तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात. आयुर्वेदिक औषधांत ‘हिंस्रा’ या नावाने ती वापरली जाते. १९५५ पासून बाजारात असलेल्या ‘लिव्ह ५२’ या गोळ्यांच्या वेष्टनावर घटकद्रव्यांत हिंस्रेचे नाव पाहता येते. केपर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या कित्येक घरांच्या औषधाच्या डब्यात ती अशी मुकाट्याने येऊन बसलेली असते.

आपली वाघाटी

केपरची सख्खी बहीण मात्र महाराष्ट्राच्या माळावर आणि जंगलात पिढ्यान्पिढ्या नांदते आहे. तिचे नाव वाघाटी. शास्त्रीय नाव ‘कॅपॅरिस झेलॅनिका’. कोणी तिला वाघाटे म्हणते, कोणी गोविंदफळ. विदर्भातील पानगळीच्या कोरड्या जंगलांतही ही वेल झाडाझुडपांवर चढलेली दिसते. पानाच्या बुडाशी आकड्यासारखे वाकलेले दोन काटे असतात. एकदा कापड त्यात अडकले की सहज सुटत नाही. वाघनखाची आठवण करून देणारे हे काटे पाहिले म्हणजे नावाचे नवल वाटत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला पांढरी फुले येतात, ती पुढे गुलाबी-जांभळट होत जातात आणि लांब पुंकेसरांचा झुबका अगदी केपरच्या फुलासारखाच असतो.

वाघाटीचे सांस्कृतिक स्थान आषाढाशी बांधलेले आहे. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी करण्याची प्रथा महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे. फळे चिरून, बिया काढून, उकडून घेतली की कडवटपणा कमी होतो. मग त्यांची भाजी केली जाते. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यातील धापेवाडा हे गाव विदर्भाची पंढरी म्हणून ओळखले जाते आणि आषाढात तेथे भाविकांची यात्रा भरते. पंढरीची वाट धरणाऱ्या समाजाने वर्षातून एकदा का होईना, एका रानवेलीला पानात जागा दिली, हे त्या प्रथेचे मोल आहे. इटलीतील पान्तेल्लेरिया बेटावरील केपरला युरोपीय संघाने १९९६ मध्ये भौगोलिक संरक्षण दिले. वाघाटीला तसे कोणतेही कवच नाही. तिला राखले ते या एका दिवसाच्या भाजीने.

या कुळातील आणखी एक झुडूप म्हणजे नेपती. पाने जवळजवळ नसलेले, हिरव्या काटक्यांचे हे झुडूप कोरड्या, पडीक जमिनीवर तग धरते. राजस्थानात त्यालाच केर म्हणतात. केर-सांगरीची भाजी राजस्थानी थाळीत मानाने वाढली जाते आणि नागपूरच्या मारवाडी कुटुंबांनाही तिची चव परिचित आहे. तिथली कळी मुरवतात, इथले कोवळे फळ. गृहिणीची युक्ती मात्र सर्वत्र एकच. कडू वस्तू मिठाच्या किंवा ताकाच्या पाण्यात ठेवायची आणि तिच्यातून चव काढून घ्यायची.

वाघाटीचे स्थान शेताच्या बांधावर आणि काटेरी कुंपणावर होते. कुंपणाची जागा तारेने आणि सिमेंटच्या भिंतीने घेतली, की तिची जागा जाते. तिच्याबरोबर काही फुलपाखरेही जातात. ‘पायोनिअर’ आणि ‘ग्रेट ऑरेंज टिप’ यांसारखी फुलपाखरे याच कुळातील झाडांवर अंडी घालतात, कारण त्यांच्या अळ्यांना हीच पाने लागतात. शहराच्या कडेला प्लॉट पाडताना साफ केलेली एक ‘झुडपी’ म्हणजे कोणाचे तरी पाळणाघर असते, हे सहसा कोणाच्या खिजगणतीत नसते. विदेशी बाटलीतील केपरसाठी तीनशे-चारशे रुपये मोजणाऱ्या शहराला त्याच्या बहिणीचे नाव ठाऊक नसावे, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

नावाची फसवणूक

येथे एक इशारा आवश्यक आहे. इंग्रजीत ‘केपर स्पर्ज’ नावाची आणखी एक वनस्पती आहे. तिची हिरवी फळे दिसायला केपरसारखी असतात, म्हणून हे नाव पडले. ती मात्र शेराच्या कुळातली आहे. शेराचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर काय होते, हे खेड्यातील मुलांनाही माहीत असते. ‘केपर स्पर्ज’चा चीक आणि फळे विषारी असून ती केपर समजून खाल्ल्यास पोटात जळजळ, उलट्या आणि जुलाब होतात. नावात केपर आहे एवढ्यावरून एखादी वनस्पती खाण्याजोगी ठरत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी परसातील झुडपाबाबत ही खबरदारी विशेष घ्यावी. वाघाटीबाबतही जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय रानातील फळ चुलीवर चढवू नये, हे उत्तम.

स्वयंपाकाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मिठातील केपर वापरण्यापूर्वी पाण्यात धुवावेत, अन्यथा सगळा पदार्थ खारट होतो. पाककृतीत केपर सांगितले आहेत आणि घरात नाहीत, अशा वेळी खारवलेल्या कैरीच्या किंवा मिठात मुरलेल्या कच्च्या करवंदाच्या बारीक फोडींनी वेळ निभावता येते. चव तंतोतंत तीच नसली, तरी आंबट-खारट ठसका मिळतो. पदार्थाला हवा असतो तो तेवढाच.

डच ‘कापर’

‘केपर’चे तिसरे घर समुद्रावर आहे. सतराव्या शतकात राज्यसत्तेचा परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजे पकडणारी खासगी लढाऊ जहाजे असत. डच भाषेत अशा जहाजाला आणि त्यावरील माणसाला ‘कापर’ म्हणत. इंग्रजांनी तो शब्दही उचलला आणि त्याचेही लेखन ‘केपर’च्याच धाटणीने केले. डचांची वखार त्या काळी आपल्या वेंगुर्ल्यातही होती, तेव्हा त्यांची जहाजे मराठी किनाऱ्याला अपरिचित नव्हती. हा अर्थ आता जुन्या ग्रंथांपुरता उरला आहे. इतिहासाच्या वाचकाने तेवढा ध्यानात ठेवावा. या अर्थाचाही बोकडाशी किंवा कळीशी संबंध नाही.

खोडीपासून गुन्ह्यापर्यंत

चौथा अर्थ आज वृत्तपत्रांत सर्वाधिक भेटतो. उडीवरून खोडी, खोडीवरून उपद्व्याप आणि उपद्व्यापावरून गुन्हा, असा त्याचा प्रवास झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत ‘केपर’ हा शब्द खोडी, माकडचेष्टा या अर्थाने वापरला जाऊ लागला आणि १९२० च्या दशकात अमेरिकी बोलीत तो चोरी-दरोड्याला लागला. शब्दाचा असा घसरत जाणारा प्रवास मराठीलाही नवा नाही. ‘पराक्रम’ आणि ‘प्रताप’ हे शब्द मुळात वीरांचे. पण ‘चिरंजीवांचे प्रताप पाहिलेत का?’ असे वडील विचारतात, तेव्हा शेजाऱ्याची काच फुटलेली असते. ‘कारनामा’ हा शब्दही कर्तृत्वाकडून गुन्ह्याकडे सरकला आणि आता बहुधा गुन्हेगारी वार्तेच्या मथळ्यात दिसतो.

चित्रपटांनी या अर्थाला मोहक केले. दरोड्याची योजना आखणारी हुशार टोळी, प्रत्येकाचे ठरलेले काम, ऐनवेळी आलेली अडचण आणि शेवटी पोलिसांच्या हातावर दिलेली तुरी, हा ‘केपर’ चित्रपटाचा ठरलेला साचा आहे. १९६४ चा ‘टॉपकापी’, १९६९ चा ‘द इटालियन जॉब’, २००१ चा ‘ओशन्स इलेव्हन’ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. हिंदीत २००४ च्या ‘धूम’पासून या प्रकाराची चलती झाली. २०१३ चा ‘स्पेशल २६’ तर १९८७ मध्ये मुंबईत सीबीआयचे बनावट पथक उभारून सराफी पेढीवर घातलेल्या धाडीच्या सत्य घटनेवर बेतलेला आहे.

मराठीतही हलक्याफुलक्या प्रकाराची परंपरा आहे. सचिन पिळगावकर दिग्दर्शित १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये दोन मित्र श्रीमंताच्या मुलीचे अपहरण करतात आणि फजिती त्यांचीच होते. त्यांच्याच १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये राहायला जागा मिळावी म्हणून दोघे तरुण स्त्रीवेष धारण करतात. या दुसऱ्या चित्रपटाच्या नावातच ‘केपर’चा उत्तम मराठी प्रतिशब्द दडलेला आहे. ‘बनवाबनवी’त युक्ती आहे, सोंग आहे, धावपळ आहे आणि क्षम्य असा लबाडपणाही आहे. ‘केपर कॉमेडी’ला मराठीत ‘बनवाबनवीचा चित्रपट’ म्हटले तर कोणालाही अर्थ विचारावा लागणार नाही.

गंमत कोठे संपते?

पडद्यावर हे सारे शोभते, कारण तेथे लुटला गेलेला माणूस बहुधा दिसत नाही. तो दिसलाच तर इतका दुष्ट रंगविलेला असतो, की त्याची तिजोरी रिकामी झाल्याचे प्रेक्षकाला वाईट वाटत नाही. अडचण येते ती हा शब्द पडद्यावरून उतरून बातमीत शिरतो तेव्हा. बँकेतील अफरातफरीला इंग्रजी मथळ्यात ‘केपर’ म्हटले, की गुन्ह्याला एक चटपटीत वेष चढतो आणि ज्याचे पैसे गेले तो नजरेआड होतो.

नागपूरला याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील रोखे घोटाळा २००२ मध्ये उघडकीस आला. सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी बँकेने दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे हाती आले नाहीत आणि पैसेही परतले नाहीत. रक्कम सुमारे दीडशे कोटी रुपयांची होती. या प्रकरणाचा कनिष्ठ न्यायालयातील निकाल लागला तो २२ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी. नागपूरच्या न्यायालयाने काही आरोपींना दोषी ठरवून पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली आणि काहींची निर्दोष मुक्तता केली. निकालाविरुद्ध अपीलही झाले. दरम्यानच्या काळात एक अख्खी पिढी मोठी झाली.

जिल्हा बँक ही शेतकऱ्याची बँक. पेरणीपूर्वीचे पीककर्ज तिच्याकडून मिळते, गावच्या सेवा सोसायटीचा व्यवहार तिच्यामार्फत चालतो आणि शिक्षकाची किंवा निवृत्ताची पुंजी तिच्यात असते. तिच्या तिजोरीला भगदाड पडते, तेव्हा त्याची झळ खरिपाच्या तोंडाशी बियाण्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला बसते. त्या व्यवहारात ना उडी होती, ना गंमत. त्याला मराठीत एकच म्हण लागू पडते, कुंपणच शेत खाते. घोटाळा, अफरातफर, अपहार, विश्वासघात असे नेमके शब्द मराठीपाशी असताना ‘केपर’सारखा खेळकर शब्द अशा ठिकाणी आणणे म्हणजे दुखावलेल्या माणसाच्या दारात बागडण्यासारखे आहे.

बडग्यांची खोडी

याच नागपुरात खोडीचा उलट उपयोगही पाहायला मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल परिसरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा आहे. मारबतीने रोगराई आणि अरिष्टे घेऊन गावाबाहेर जावे, अशी आरोळी लोक देतात. तिच्याबरोबर बडगे निघतात. महागाई, भ्रष्टाचार, वाढलेली बिले, खड्डे, पुढाऱ्यांचे वर्तन असा त्या वर्षाचा जो काही राग असेल, तो बडग्याच्या रूपाने रस्त्यावर येतो. भोवती पोरे नाचतात, उड्या मारतात, टवाळी करतात आणि शेवटी पुतळे जाळले जातात.

केवळ वरवर पाहणाऱ्याला हा ‘केपर’च वाटेल, आणि उडी व खोडी या दोन्ही अर्थांनी तो आहेही. पण येथे गंमतीच्या आडून गुन्ह्याचे नाव मोठ्याने घेतले जाते. चटपटीत मथळा नेमके याच्या उलट करतो. तो गुन्ह्याला गंमतीचा अंगरखा घालतो. एकच खेळकरपणा कोणाच्या बाजूने उभा आहे, यावर त्याचे मोल ठरते. नागपूरच्या सामान्य माणसाने हा भेद कोणत्याही शब्दकोशाविना जाणला आहे.

अर्थ कसा ओळखावा?

तर मग ‘केपर’ समोर आल्यावर काय करावे? शब्दाचे शेजारी पाहावेत, हा साधा नियम पुरेसा आहे. शेजारी मासा, ऑलिव्ह, पास्ता, मीठ, बाटली असे शब्द असतील आणि ‘केपर्स’ हे अनेकवचन असेल, तर ती खारवलेली कळी. शेजारी नाच, मूल, करडू, आनंद असेल तर उडी. चित्रपट, टोळी, तिजोरी, योजना असेल तर बनवाबनवी किंवा दरोडा. जुने जहाज, डच, परवाना असेल तर खासगी लढाऊ गलबत. यंत्राद्वारे केलेल्या भाषांतरात हा नियम कित्येकदा पाळला जात नाही आणि पाककृतीत ‘दोन चमचे उड्या घाला’ असा मजकूर वाचायला मिळू शकतो. तो वाचून हसावे, पण औषधाच्या किंवा वनस्पतीच्या बाबतीत अशीच चूक झाली तर ती हसण्यावारी नेण्याजोगी नसते.

बातमी लिहिणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. परक्या भाषेतील चटकदार शब्द उचलण्यापूर्वी त्या घटनेत कोणाचे काय गेले, हे एकदा आठवावे. कोणाचे काहीच गेले नसेल, तर बनवाबनवी म्हणावे. कोणाची पुंजी गेली असेल, तर सरळ अपहार म्हणावा.

आणि उरली ती वाघाटी. येत्या आषाढात एकादशीच्या आसपास भाजीबाजारात किंवा रस्त्याच्या कडेला बसलेल्या एखाद्या भाजीवालीच्या टोपलीत देठाला लटकलेली हिरवी, टणक, गोलसर फळे दिसली, तर ती काय आहेत हे तिलाच विचारावे. ती सांगेल ते नाव कोणत्याही परदेशी बाटलीवर छापलेले नसेल. पण ते विचारणारा कोणी आहे तोवर ते नाव बाजारात टिकेल आणि नाव टिकले तर कुंपणावरची वेलही टिकण्याची आशा राहील.